ज्याला सापडले त्याचे : एका दाव्याचा प्रतिवाद

भारतातील प्राचीन सुवर्णनाण्यांपैकी फार थोडी शास्त्रशुद्ध उत्खननातून मिळाली आहेत. बहुतेक नाणी नांगराच्या फाळाला लागून, विहीर खणताना, जुन्या घराचा पाया उकरताना किंवा नदीकाठची दरड ढासळल्यावर उघडी पडली. ती मडक्यात किंवा तांब्या-पितळेच्या भांड्यात एकत्र पुरलेली असतात. अशा साठ्याला नाणकशास्त्रात ‘निधी’ म्हणतात, लोक त्याला ‘गुप्तधनाचा हंडा’ म्हणतात. हंडा वर आला की प्रश्न उभा राहतो तो मालकीचा, आणि त्याचे एक उत्तर लोकांच्या ओठावर तयार असते : ज्याला सापडले त्याचे.

या उत्तरामागे चार युक्तिवाद असतात. जमीन ज्याची त्याचे जमिनीखालचे धन, त्यात सरकारचा हात घालणे ही ब्रिटिशांची देणगी आहे, हा पहिला. नाणे कोणाच्याही पेटीत असले तरी नाणेच राहते, एकाच साठ्यातली नाणी चार घरांत गेली म्हणून इतिहासाचे काही बिघडत नाही, हा दुसरा. सरकारी कोठारांपेक्षा खासगी संग्राहकांनी नाणी अधिक जपली, हा तिसरा. आणि सरकार सगळे हिरावून घेते म्हणून लोक नाणी आटवतात, तेव्हा दोष सापडणाऱ्याचा नसून कायद्याचा आहे, हा चौथा. पहिले दोन युक्तिवाद चुकीचे आहेत, तिसरा अर्धवट आहे. चौथ्यात तथ्य आहे, पण त्यातून काढला जाणारा निष्कर्ष उलटा आहे.

जमीन आणि जमिनीखालचे धन

निधीवर राजसत्तेचा हक्क इंग्रजांनी आणला, हे म्हणणे भारतीय धर्मशास्त्राच्या प्राथमिक वाचनापुढेही टिकत नाही. पुरलेले धन सापडल्यास काय करावे याचे नियम मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात आहेत, ते याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायातही आहेत. निधी सापडल्याचे राजाला न कळवता तो दडवून ठेवणाऱ्याकडून धन काढून घ्यावे आणि वर त्याला दंडही करावा, असे याज्ञवल्क्याने स्पष्ट सांगितले आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सापडणाऱ्याला सहावा हिस्सा ठरवून दिला आहे आणि एक लाखावरचा निधी राजाचा मानला आहे. कोणाचा वाटा किती याबद्दल शास्त्रकारांत मतभेद आहेत, टीकाकारांनीही वेगवेगळे अर्थ लावले आहेत. पण निधी म्हणजे सापडणाऱ्याची निरंकुश मालमत्ता, असा सर्वांसाठीचा नियम यांपैकी कोणीही सांगितलेला नाही. कळवण्याचे बंधन आणि वाटणीचे तत्त्व दोन्ही या भूमीतले आणि फार जुने आहेत.

ब्रिटिशांचा म्हणून ज्या कायद्याकडे बोट दाखवले जाते तो 1878 चा भारतीय निखात निधी कायदा. तो सरकारला आपोआप मालकी देतो असा समज सर्वत्र आहे. मूळ कायदा वाचला तर चित्र वेगळे दिसते. दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला लेखी खबर द्यायची असते. काय सापडले, किती, कुठे आणि कोणत्या तारखेला, हे त्यात लिहायचे असते. निधी जवळच्या सरकारी कोषागारात ठेवायचा किंवा तो सुरक्षित राहील याची हमी द्यायची. त्यानंतर जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढतो आणि दावेदारांना हजर राहण्यासाठी चार ते सहा महिन्यांच्या दरम्यानची तारीख देतो. गेल्या शंभर वर्षांत तो निधी आपण किंवा आपल्या पूर्वजाने पुरला, असे कोणी पुढे येऊन म्हटल्यास त्याला दिवाणी न्यायालयात जाता येते. तसा मालक नसेल तर निधी बेवारस ठरतो. मग जमीन दुसऱ्याची असल्यास आणि आपसात वेगळा करार नसल्यास त्याचे तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला मिळतात, उरलेला एक चतुर्थांश जमीनमालकाला.

म्हणजे ज्या कायद्याला लूट म्हटले जाते तो मुळात सापडणाऱ्याला मोठा वाटा देतो. सरकारला निधी हवा असेल तर तो पैसे मोजून घ्यावा लागतो. खबर न देणाऱ्याचा मात्र वाटा जप्त होतो आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कायद्याचा रोख सापडण्यावर नाही, दडवण्यावर आहे.

जमीनमालकीचा युक्तिवाद न्यायाच्या कसोटीवरही टिकत नाही. सातबाऱ्यावर नाव असणारा शेतकरी त्या जमिनीचा, तिच्या पिकाचा आणि झाडांचा मालक असतो. दीड हजार वर्षांपूर्वी कोण्या व्यापाऱ्याने किंवा राजाच्या अधिकाऱ्याने संकटकाळी पुरलेले धन त्याने पेरले नाही, विकत घेतले नाही, वारसाहक्कानेही मिळवले नाही. फाळ दोन हात पलीकडून गेला असता तर ते शेजाऱ्याला सापडले असते. योगायोगाने हाती आलेल्या वस्तूवर बक्षिसाचा हक्क जरूर निर्माण होतो. ती नष्ट करण्याचा हक्क निर्माण होत नाही.

निधी फुटला की काय जाते

दुसरा युक्तिवाद वरवर निरुपद्रवी वाटतो, पण सर्वांत जास्त नुकसान त्यानेच केले आहे. सुटे नाणे राजाचे नाव, बिरुद, देवता आणि वजन सांगते. अखंड निधी त्यापलीकडचे सांगतो : साठा कधी पुरला, त्या वेळी कोणती नाणी चलनात होती, कोणती झिजलेली आणि कोणती टांकसाळीतून नुकतीच बाहेर पडलेली होती, एका साच्यातून किती नाणी पडली, नाणी किती दूर पोहोचली. ही माहिती नाण्यांच्या परस्परसंबंधात असते. निधी वाटला गेला की ती संपते, मग प्रत्येक नाणे सुरक्षित राहिले तरी.

बयाना निधीइतके याचे दुसरे ठळक उदाहरण भारतात नाही. फेब्रुवारी 1946 मध्ये तत्कालीन भरतपूर संस्थानात बयानाजवळच्या एका खेड्यात, शिकार आटोपल्यावर रिकामी काडतुसे वेचणाऱ्या मुलांना जमिनीत तांब्याचे भांडे लागले. त्यात गुप्त सम्राटांची सोन्याची सुमारे 2,100 नाणी होती. बातमी अधिकाऱ्यांपर्यंत जाईपर्यंत नाणी गावात वाटली गेली होती. त्यांतली 1,821 परत मिळाली, उरलेली पावणेतीनशेच्या घरातली नाणी सोनाराच्या मुशीत गेली किंवा बेपत्ता झाली. परत मिळालेल्या नाण्यांचा अभ्यास डॉ. अनंत सदाशिव अळतेकर यांनी केला. कोल्हापूरकडच्या या मराठी विद्वानाने तयार केलेली बयाना निधीची सूची भारतीय मुद्रा परिषदेने 1954 मध्ये प्रसिद्ध केली आणि गुप्तकालीन नाण्यांच्या अभ्यासाला तिने नवा पाया दिला.

त्या सूचीतले आकडे पाहण्यासारखे आहेत. पहिल्या चंद्रगुप्ताची 10 नाणी, समुद्रगुप्ताची 183, काचाची 16, दुसऱ्या चंद्रगुप्ताची 983, पहिल्या कुमारगुप्ताची 628 आणि स्कंदगुप्ताचे फक्त 1. संपूर्ण निधीची तारीख या शेवटच्या एका नाण्यावर उभी आहे. निधी त्यातल्या सर्वांत अलीकडच्या नाण्याच्या आधी पुरलेला असू शकत नाही. आणि अलीकडच्या राजाचे नाणे एकच असेल तर त्याची कारकीर्द नुकती सुरू झालेली असणार. त्यामुळे हा साठा इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या मध्याला, कुमारगुप्ताच्या अखेरीस आणि स्कंदगुप्ताच्या आरंभी पुरला गेला, असे म्हणता येते. गुप्त साम्राज्यावर हूणांच्या स्वारीचे सावट पडत होते तो हा काळ.

हे एक नाणे मुशीत गेले असते तर निधी कुमारगुप्ताच्या कारकिर्दीतला ठरला असता, आणि इतिहासकारांनी तो निष्कर्ष पूर्ण विश्वासाने मांडला असता. जी नाणी आटली त्यांत स्कंदगुप्ताची आणखी पाच-दहा असती, तर निधीची तारीख काही वर्षे पुढे सरकली असती. ती होती की नव्हती, हे आता कोणीही सांगू शकत नाही. गावातल्या प्रत्येक घराला मिळालेला लाभ काही तोळे सोन्याचा होता. त्याच्या बदल्यात गेलेली माहिती जगातल्या कोणत्याही संग्रहालयाला पुन्हा विकत घेता येणार नाही.

बयानाच्या नाण्यांत कुमारगुप्ताचा एक प्रकार आहे. त्याच्या दर्शनी बाजूवर घोड्यावर बसलेला राजा पुढे वाकून गेंड्यावर तलवारीचा वार करतो आहे, आणि गेंडा मान वळवून त्याच्याकडे पाहतो आहे. मागील बाजूवर मकरावर उभी गंगा आहे, तिच्यामागे छत्र धरलेली सेविका. अंगठ्याच्या नखाहून थोड्या मोठ्या चकतीवर कारागिराने हे सारे बसवले आहे. सोनाराच्या काट्यावर या नाण्याचे वजन पाऊण तोळ्याच्याही आत भरते, आणि मुशीत ते काही क्षणांत सपाट गोळा होते.

निधीच्या अखंडतेचे मोल सोन्यापुरतेच नाही, हे महाराष्ट्राला जोगळटेंभीने शिकवले आहे. नाशिक जिल्ह्यातल्या या गावी 1906 मध्ये क्षत्रप नहपानाची चांदीची 13,250 च्या आसपास नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा उमटवली होती. सातवाहनांनी नहपानाच्या क्षहरात घराण्याची सत्ता उखडली हे नाशिकच्या लेण्यातला शिलालेख सांगतो. त्या विजयानंतर शत्रूचे चलन किती मोठ्या प्रमाणावर आपले करून घेतले गेले, हे या निधीनेच दाखवले. छाप मारलेले एकटे नाणे एवढेच सांगते की कोणीतरी त्यावर छाप मारली. तेरा हजारांत नऊ हजार, हे प्रमाण साठा एकत्र मोजला गेला म्हणूनच कळले. नहपानाचे चेहरे या नाण्यांवर एकसारखे नाहीत, कुठे तरुण तर कुठे वृद्ध, हेही ती शेजारी शेजारी मांडल्यावरच दिसले.

संग्राहकांचे श्रेय आणि त्याची मर्यादा

खासगी संग्राहकांनी नाणी वाचवली, या दाव्यात सत्याचा अंश आहे आणि तो नाकारणे अन्यायाचे ठरेल. सराफाच्या दुकानात आटण्यासाठी आलेले नाणे ओळखून पदरचे पैसे देऊन सोडवणारे संग्राहक भारतात होऊन गेले आणि आजही आहेत. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी जमवलेली क्षत्रपांची नाणी पुढे ब्रिटिश म्युझियमला गेली आणि पश्चिमी क्षत्रपांच्या कालगणनेला आधार ठरली. नाशिकजवळ आंजनेरी येथे 1980 मध्ये सुरू झालेली नाणकशास्त्र संशोधन संस्था अभ्यासक आणि संग्राहक एकत्र आल्यामुळेच उभी राहिली. कायदाही संग्राहकाच्या विरोधात नाही. 1972 च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याने शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते. त्याची खासगी निर्यात करता येत नाही आणि त्याच्या व्यापाराला परवाना लागतो. पण ते जवळ बाळगणे गुन्हा नाही.

मात्र संग्राहकाचे श्रेय एका अटीवर उभे असते : नाणे कुठून आले, कशासोबत आले, कोणाच्या हातून आले, याची खरी नोंद ठेवणे. ती अट तुटली की काय होते, हे भारतातल्या पहिल्या नोंदलेल्या गुप्त नाणेनिधीने दाखवून दिले. 1783 मध्ये कलकत्त्याजवळ कालीघाटला सोन्याची सुमारे दोनशे नाणी सापडली. ती वॉरन हेस्टिंग्जकडे पोहोचली, त्याने ती लंडनला ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांकडे पाठवली, तिथून काही ब्रिटिश म्युझियमला, काही विल्यम हंटरच्या संग्रहाला आणि काही इतरत्र वाटली गेली. उरलेली आटवली गेल्याचे मानले जाते. नाणी जपणाऱ्या हातांत गेली, तरी निधीची पूर्ण यादी कधीच झाली नाही. आज अभ्यासक वेगवेगळ्या संग्रहांतल्या नोंदी जुळवून तो निधी कागदावर पुन्हा उभा करू पाहतात, आणि तो पूर्ण होत नाही.

आजच्या बाजारात ही अडचण आणखी गडद होते, कारण दुर्मीळ सुवर्णनाण्याच्या किमतीने खोट्या वंशावळीचा धंदा जन्माला घातला आहे. ज्युलियस सीझरच्या हत्येनंतर ब्रूटसने इसवी सनापूर्वी 42 मध्ये पाडलेले एक सोन्याचे नाणे आहे. त्याच्या एका बाजूला ब्रूटसचा चेहरा, दुसऱ्या बाजूला दोन खंजीर आणि त्यांच्या मधोमध मुक्त गुलामाची टोपी. सोन्यातली अशी फार थोडी नाणी ज्ञात आहेत. त्यांतले एक 2020 मध्ये लंडनमध्ये सुमारे 42 लाख डॉलरला विकले गेले, प्राचीन नाण्याला तोवर मिळालेली ही सर्वोच्च किंमत होती. नंतरच्या तपासात त्याच्या उगमाची कथा बनावट असल्याचे उघड झाले, आणि 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी ते ग्रीसला परत केले. ते कोणत्या शेतातून, कोणत्या भांड्यातून, कोणत्या नाण्यांसोबत निघाले, हे मात्र परतीनेही कळले नाही. इतका पैसा मोजूनही त्या नाण्याचा जन्मपत्ता हरवलेला राहिला. संग्राहकांनी नाणी जपली, हा दावा करणाऱ्यांनी हेही मान्य केले पाहिजे की उगम न विचारता मोजलेली प्रत्येक मोठी रक्कम पुढच्या चोरट्या खोदकामाला निमंत्रण देते.

कायद्याचा खरा दोष

चौथा युक्तिवाद सर्वांत गंभीर आहे, कारण तो कायद्याच्या खऱ्या दुखण्यावर बोट ठेवतो. निखात निधी कायद्यानुसार सरकारने निधी घ्यायचा ठरवला तर हक्कदारांना धातूची किंमत आणि तिच्या एक पंचमांश इतकी जादा रक्कम मिळते. 1878 मध्ये ही तरतूद उदार वाटली असेल. आज दुर्मीळ गुप्त दीनाराची बाजारातली किंमत त्यातल्या सोन्याच्या कित्येक पट असते. चांदीच्या किंवा तांब्याच्या दुर्मीळ नाण्याला तर या हिशोबाने जवळजवळ काहीच मिळत नाही. त्यात खबर दिल्यानंतरचे महिने, तहसील कचेरीच्या फेऱ्या, पंचनामा, पोलिसांची चौकशी आणि चोराकडे पाहावे तसे पाहणाऱ्या नजरा. सोनार मात्र त्याच दिवशी रोख देतो आणि प्रश्न विचारत नाही. प्रामाणिकपणाची किंमत मोजायला लावणारा आणि दडवादडवीला सोय करून देणारा कायदा आपलेच उद्दिष्ट हरवून बसतो.

पण यातून ‘ज्याला सापडले त्याचे’ हा निष्कर्ष निघत नाही. सापडणाऱ्याला पूर्ण मालकी दिली तरी त्याला सर्वांत सोपी वाट सोनाराची किंवा दलालाचीच राहील, आणि निधी त्याच दिवशी फुटेल. निष्कर्ष निघतो तो असा : मोबदला इतका न्याय्य आणि इतका लवकर मिळाला पाहिजे की निधी अखंड सोपवणे हाच सापडणाऱ्याचा सर्वांत मोठा फायदा ठरेल.

हे शक्य आहे, याचा पुरावा इंग्लंडमध्ये आहे. 1992 मध्ये सफोकमधल्या हॉक्सन गावी एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधायला आलेल्या माणसाच्या धातुशोधकाला रोमन काळातला निधी लागला. थोडी नाणी वर येताच त्याने खोदणे थांबवले आणि खबर दिली. पुरातत्त्वज्ञांनी तो साठा जागेवरून अखंड काढला. त्यात 569 सोन्याची आणि चौदा हजारांहून अधिक चांदीची नाणी, दागिने आणि भांडी होती, आणि ती ज्या लाकडी पेटीत भरली होती तिच्याही खुणा मिळाल्या. सापडणाऱ्याला 17.5 लाख पौंड बक्षीस मिळाले, त्यात शेतकऱ्यालाही वाटा मिळाला. पुढे 1996 च्या कायद्याने पूर्ण बाजारभावाइतक्या बक्षिसाची व्यवस्था पक्की झाली.

त्याच देशात 2015 मध्ये हेरफर्डशरला दोघांनी वायकिंगकालीन निधी दडवला आणि नाणी गुपचूप विकायला काढली. अंदाजे 300 नाण्यांपैकी खटल्याच्या वेळेपर्यंत 31 च हाती लागली होती. त्यांतल्या काही नाण्यांवर वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि मर्शियाचा राजा केऑलवुल्फ शेजारी शेजारी बसलेले दिसतात, आणि त्यांच्या परस्परसंबंधांविषयीची जुनी समजूत त्याने बदलते. न्यायालयाने 2019 मध्ये दोघांना दहा आणि साडेआठ वर्षांची शिक्षा दिली. खबर दिली असती तर त्यांना कायदेशीर बक्षीस मिळाले असते. उदार मोबदला आणि कठोर शिक्षा या दोन्हींची गरज एकाच वेळी असते, हे या दोन घटना शेजारी ठेवल्या की स्पष्ट होते.

मालकीचा न्याय्य अर्थ

या प्रकरणात हक्क एकाचाच नाही. सापडणाऱ्याचा हक्क मोबदल्याचा, सन्मानाचा आणि आपले नाव निधीच्या नोंदीत राहण्याचा आहे. जमीनमालकाचा हक्क वाट्याचा आहे. संग्राहकाचा हक्क नोंद झालेले आणि सरकारने न घेतलेले नाणे उघडपणे विकत घेण्याचा आहे. समाजाचा हक्क निधी फुटण्याआधी पाहण्याचा, मोजण्याचा आणि अभ्यासण्याचा आहे, आणि क्रमाने तो पहिला येतो, कारण उशीर झाला तर फक्त याच हक्काची भरपाई अशक्य असते. पैसा उशिरा देता येतो, सन्मान उशिरा करता येतो, आटलेले नाणे उशिरा पाहता येत नाही.

त्यासाठी धातूच्या किमतीवर एक पंचमांश हा जुना हिशोब रद्द करून तज्ज्ञ समितीने ठरवलेला बाजारभाव ठरावीक मुदतीत दिला पाहिजे. खबर आल्यावर पोलिसांच्या बरोबर नाणकशास्त्राचा जाणकारही जागेवर गेला पाहिजे, आणि भांड्यासकट, मातीसकट नोंद झाली पाहिजे. पूर्ण यादी छायाचित्रांसह प्रसिद्ध झाल्यावर एकसारखी, जादा नाणी सापडणाऱ्याला परत देण्यास किंवा संग्राहकांना विकण्यास हरकत नसावी. आणि सरकारने घेतलेली नाणी कोषागाराच्या पेटीत न राहता संग्रहालयात लोकांपुढे आली पाहिजेत, नाहीतर ‘सरकारच्या कुलपात जाऊन पडतात’ या आरोपाला उत्तर उरत नाही.

‘ज्याला सापडले त्याचे’ या दाव्यातली न्यायाची मागणी मोबदल्यापुरती खरी आहे आणि तिथे ती पूर्ण मान्य झाली पाहिजे. त्यापुढे जाऊन निधी फोडण्याचा, दडवण्याचा किंवा आटवण्याचा अधिकार तो मागतो. तो अधिकार ना धर्मशास्त्राने कोणाला दिला, ना 1878 च्या कायद्याने, आणि पुढच्या कोणत्याही सुधारलेल्या कायद्याने तो देऊ नये.